शेरा

कॉलेजचा फॉर्म आलाय, तीन पानी.
'प्रशिक्षणार्थीचे क्षेत्रकार्य : मूल्यमापन.'
एक ते पाच, योग्य आकड्याभोवती गोल करा.
उपदेश. समुपदेशन. वक्तशीरपणा. वेशभूषा.
तळाशी शेऱ्यासाठी चार ओळी.
कंदील आहे, चष्मा आहे, बाहेर म्वेरा वारा.
जूनपासून सरोवर असंच उसळतंय.

वेशभूषेला पाच.
रोज बूट पुसायचा,
या वाळूच्या गावात.

ब्लँटायरहून आला यांखो.
कपड्यांची एक पिशवी, पुस्तकांची पेटी,
पेटी उचलायला दोन माणसं.
यांखो म्हणजे उत्तर, त्याच्या भाषेत.
आणि होतीच त्याच्याकडे उत्तरं :
दुःख कुठून येतं याची चार,
त्यातली दोन मूळ ग्रीकमधून.
आमची टोंगा तेवढी येत नव्हती.
पहिल्या रविवारी कृपेवर पाऊण तास बोलला.
दारात म्हातारा कोंडोवे माझ्या कानाशी लागला,
"पाळकबाई, पोरगा हुशार आहे हो.
म्हणाला काय?"

उपदेशाला तीन.

मग न्याचिर्वाचा तेम्वा गेला.
रात्री उसिपा धरायला चार होड्या गेल्या,
पहाटे तीन आल्या.
तिसऱ्या दिवशी सरोवरानं त्याला परत दिलं,
खडकांच्या पलीकडे, जाळ्यासकट.

यांखो रात्रभर लिहीत बसला, पुनरुत्थानावर, नऊ पानं.
(रॉकेल माझं.)
सकाळी पानं घडी करून खिशात घालत होता,
मी त्याच्या हातात फावडं दिलं.
म्हटलं, कबर आधी.

किनाऱ्याची वाळू ती.
खणावी तेवढी परत आत येते.
दोनदा कड ढासळली, दोनदा पुन्हा उतरले सगळे.
बूट गेले, मोजे गेले,
दुपारपर्यंत तो कोळ्यांच्या पोरांसारखाच दिसू लागला,
फक्त खोकत जास्त होता.

घरात बायका भिंतीला टेकून बसलेल्या.
न्याचिर्वा दोन दिवस बोललेली नव्हती.
तो आत आला, तशी तिनं मान वर केली.
"त्याला पोहता यायचं.
सात वर्षांचा होता तेव्हापासून.
मग?"

मी उंबऱ्याशी उभी.
चौथ्या पानावर काय आहे ते मला ठाऊक होतं.
खोटं कशाला सांगू, मी देवाला म्हटलं,
याला ते पान आठवू देऊ नकोस.

तो चटईच्या कडेला उकिडवा बसला.
"मलाही कळत नाही, आई."
टोंगात म्हणाला. क्रियापद चुकलं.
कुणी हसलं नाही, कुणी हाललंही नाही.
मग तिनंच ते सुधारलं,
हळू, लहान पोराला शिकवावं तसं.
तो तिच्यामागून म्हणाला.
तिनं त्याला आणखी एकदा म्हणायला लावलं.

आणि मग प्यायला पाणी मागितलं.

समुपदेशन.
इथे पेन कधीची थांबली आहे.
माझ्या पहिल्या मयताला मी तासभर बोलले होते.
सगळं बरोबर होतं, वचनासकट.
त्या घरची माणसं अजून मला बघितलं
की जाळी वाळवायच्या रस्त्यानं वळतात.

ती नऊ पानं त्यानं इथेच टाकली.
मी वाचली. चांगली आहेत, चौथं सोडून.
ईस्टरला मलाच लागतील, म्हणून बायबलात ठेवलीत.

काल मिनीबसवर बसवून दिला.
पेटीत पुस्तकांच्या मध्ये वाळवलेल्या उसिपाची पुडी,
न्याचिर्वानं दिलेली.
त्या टीकाग्रंथांना आता वर्षभर वास येणार.

समुपदेशनाला चार.
पाच दिलं तर प्राचार्य विचारतील कसं काय,
आणि मला सांगता येणार नाही.

शेरा :
ग्रीक चालू राहू द्या.
सोबत जिथे पाठवाल तिथली भाषा,
निदान 'कळत नाही' म्हणण्यापुरती.
चुकली तरी चालेल.
बूट नकोत.